टीकेक : यॉर्कशायरचा मनुकेवाला पाव घरच्या ओव्हनमध्ये

कॅल्डरकाठ

चहाबरोबर खायच्या इंग्लिश स्कोनच्या धाग्यावर दोघातिघांनी टीकेकबद्दल विचारलं होतं. तिथे अवांतर नको म्हणून वेगळा धागा काढतेय.

मी वेस्ट यॉर्कशायरमध्ये राहते. इथलं कुठलंही साधं कॅफे घ्या, गार्डन सेंटरमधलं, चर्चच्या हॉलमधलं किंवा कालव्याकाठचं; फळ्यावर टोस्टेड टीकेक हमखास असतो. तळहाताएवढा चपटा, गोल, मऊ पाव. आत करंट (बारीक काळ्या मनुका), बेदाणे, थोडी संत्र्याची साल आणि मसाल्याचा जेमतेम वास. आडवा कापून भाजायचा, वर बटर लावायचं, बास. क्रीम नाही, जॅमही सहसा नाही. आधी जॅम की आधी क्रीम या डेव्हन-कॉर्नवॉलच्या भांडणामुळे स्कोनचं नाव झालं, टीकेकसाठी कोणी भांडत नाही. पण रोज खायला काय आवडेल असं विचाराल तर माझं मत टीकेकला.

एक गोष्ट आधीच सांगते, कारण नेटवरच्या बऱ्याच पाककृती (पाकृ) मला तिथेच घसरलेल्या दिसतात. टीकेक हा केक नव्हे, जेमतेम गोड पाव आहे. आणि ओव्हनमधून बाहेर येतो तेव्हा तो अर्धाच झालेला असतो. उरलेलं काम दुसऱ्या दिवशी ग्रिलखाली होतं. हे धरून चाललं की साखर किती, बटर किती, रंग किती गडद हे सगळं आपोआप ठरतं. गरमागरम असतानाच मस्त लागावा म्हणून लोक साखर वाढवतात, अंडी घालतात, वरून पाक लावतात, आणि मग तोच टीकेक टोस्टरमध्ये गेला की कडा काळ्या आणि आत गिच्च गोड.

साहित्य (दहा नग) :
स्ट्राँग ब्रेड फ्लोअर ५०० ग्रॅम (भारतात मैदा)
इन्स्टंट यीस्ट ७ ग्रॅम, म्हणजे इथलं एक पाकीट
साखर ५० ग्रॅम
मीठ ८ ग्रॅम
बिनमिठाचं बटर ५० ग्रॅम
दूध ३०० मिली (अर्धं दूध, अर्धं पाणी चालेल)
करंट आणि बेदाणे मिळून १५० ग्रॅम
साखरेत मुरवलेली संत्र्या-लिंबाची साल ३० ग्रॅम
मिक्स्ड स्पाइस (दालचिनी-जायफळ वगैरेंचा तयार मसाला) एक सपाट चहाचा चमचा

करंट-बेदाणे आधी गरम पाण्यात पंधरा-वीस मिनिटं भिजवा, निथळा आणि फडक्यावर पसरून कोरडे करा. ही पायरी गाळू नका. कोरडे घातले तर ते पिठातलंच पाणी ओढून घेतात आणि दुसऱ्या दिवशी पाव भुगा होतो. ओले घातले तर पीठ चिखल.

दूध उकळी येईपर्यंत तापवून कोमट होऊ द्या. पीठ, साखर, मीठ, यीस्ट, मसाला एकत्र करून दूध घाला आणि मळायला घ्या. पाचेक मिनिटांनी मऊ बटर थोडं थोडं घाला. पीठ पुरणपोळीच्या कणकेइतकं सैल हवं. हाताला चिकटतं म्हणून वरून पीठ भुरभुरवायचा मोह होतो, तो आवरा. दहा मिनिटांत ते स्वतःहून ताब्यात येतं. एक तुकडा बोटांनी ताणून बघा, न फाटता उजेड दिसेल इतका पातळ पडदा झाला पाहिजे. बेदाणे आणि साल या टप्प्यानंतरच घाला. आधी घातले तर बेदाणे ताणलेले धागे कापत राहतात आणि पीठ जोर धरत नाही.

झाकून दुप्पट होऊ द्या, सव्वा-दीड तास. इथे हिवाळ्यात त्याहून जास्त लागतो. ज्यांच्या घरात गरम पाण्याच्या टाकीचं एअरिंग कबर्ड आहे ते नशीबवान, टॉवेलांच्या शेजारी पातेलं ठेवायचं. नवीन घरांत टाकी न लागणारे कॉम्बी बॉयलर आले आणि ही सोय गेली. मग ओव्हनचा फक्त दिवा लावून आत ठेवायचं.

साधारण ११० ग्रॅमचे दहा गोळे करा, दहा मिनिटं विसावू द्या, मग लाटण्याने हलक्या हाताने चार इंच व्यासाचे चपटे करा. न विसावता लाटलात तर परत आक्रसतात. वर डोकावणारे बेदाणे आत खुपसा, ते जळून कडू होतात. पुन्हा पाऊण तास फुगू द्या. बोटाने हलकेच दाबल्यावर खळगा सावकाश भरून आला की तयार. वरून दुधाचा हात फिरवा. २०० अंश (फॅन असेल तर १८०, गॅसच्या ओव्हनला ६ नंबर), पंधरा ते अठरा मिनिटं. काढल्या काढल्या जाळीवर ठेवून स्वच्छ फडक्याने झाका, म्हणजे वरचा पापुद्रा मऊ राहतो.

आणि मग हात आवरा. उद्या आडवा कापा, कापलेली बाजू वर करून ग्रिलखाली ठेवा, कडा गडद होईपर्यंत. बटर लगेच, अगदी कडेपर्यंत. वरचं झाकण परत ठेवून मिनिटभर थांबा.

चिंचगूळ

तोंडाला पाणी सुटलं! पण फोटो कुठाय? फोटोशिवाय पाकृ हा फाऊल आहे.

आमच्याकडे ग्रिल नाही, टोस्टरही नाही. तवा चालेल का? आणि अंडं खरंच लागत नाही?

कॅल्डरकाठ

फोटो शनिवारी टाकते, परवाचे सगळे संपले.

तवा उत्तम. मंद आचेवर, कापलेली बाजू खाली, वरून उलथण्याने किंचित दाब. बटर आधी तव्यावर टाकू नका. कोरडं भाजा, मग लावा. आधी टाकलं तर ते तळल्यासारखं होतं, चव चांगली लागते पण तो टीकेक राहत नाही.

अंडं लागत नाही. काही जण चकाकीसाठी वरून लावतात. शाकाहारींनी बाहेर खाताना मात्र चौकशी करावी, कारण यॉर्कशायरच्या जुन्या पद्धतीत बटरऐवजी लार्ड, म्हणजे डुकराची चरबी घालतात. काही लहान बेकऱ्या आजही घालतात. पाकिटावर लिहिलेलं असतं, सुट्या मालाबद्दल विचारायचं.

फिरस्ता

ताई, हॅलिफॅक्सच्या बाजारात मी टीकेक मागितला तर त्या बाईंनी साधा पांढरा पाव दिला. एक मनुका नाही आत!

कॅल्डरकाठ

बरोबर दिलाय की. आमच्याकडे नुसतं टीकेक म्हटलं की बिनमनुक्यांचा गोल पाव, बेकन किंवा चीज भरायचा. तुम्हाला हवा होता तो करंट टीकेक. लीड्सहून पश्चिमेला लँकेशायरच्या सीमेपर्यंत हे लक्षात ठेवा. कॅफेत 'टोस्टेड टीकेक' म्हणालात तर मनुकेवालाच येतो.

ग्लासगोकर

आमच्या स्कॉटलंडमध्ये टीकेक मागाल तर यातलं काहीच मिळणार नाही. खाली बिस्किट, वर मार्शमॅलोचा घुमट, त्यावर चॉकलेटचं पातळ कवच आणि लाल-चंदेरी चांदीचा कागद. टनॉक्सचा. ग्लासगोजवळच्या अडिंग्स्टनमध्ये त्यांची बेकरी आहे आणि बॉइड टनॉक यांनी १९५६ साली हा प्रकार काढला. ऑफिसात कोणाचा वाढदिवस असला की डबा उघडतो. भाजायला जाऊ नका, हलकं घ्या.

हिशेबनीस

ग्लासगोकर यांनी विषय काढलाच आहे तर आमच्या धंद्यातली गोष्ट सांगतो. अवांतर आहे, ज्यांना फक्त पाकृ हवी त्यांनी पुढे जावं.

ब्रिटनमध्ये केकवर व्हॅट शून्य दराने लागतो, चॉकलेट चढवलेल्या बिस्किटावर पूर्ण दराने. मार्क्स अँड स्पेन्सर असाच चॉकलेट-मार्शमॅलोवाला टीकेक विकायचं. १९७३ला व्हॅट आला तेव्हा कर खात्याने तो बिस्किटात टाकला आणि वीसेक वर्षं पूर्ण कर घेतला. १९९४ला खात्याने मान्य केलं की हा केकच. कंपनीने सुमारे ३५ लाख पौंड परत मागितले. खातं म्हणालं, कर तुम्ही तुमच्या खिशातून थोडाच भरलात, गिऱ्हाइकाकडून वसूल केलात, आम्ही दहा टक्केच देऊ. प्रकरण हाउस ऑफ लॉर्ड्स (तेव्हाचं तिथलं सर्वोच्च न्यायालय) ते लक्झेंबर्गचं युरोपीय न्यायालय आणि परत लॉर्ड्स असं फिरलं. २००८ला युरोपीय न्यायालयाने कंपनीच्या बाजूने कौल दिला, २००९ला लॉर्ड्सने प्रकरण मिटवलं आणि सगळी रक्कम परत द्यावी लागली.

आमच्या परीक्षेच्या क्लासमध्ये हा खटला शिकवताना सर पुडा घेऊन आले होते. कायदा किती जणांच्या लक्षात राहिला माहीत नाही, पुडा मात्र संपला.

पेठेतला

एवढं रामायण वाचून झाल्यावर प्रश्न असा की हा आपला बनमस्का नव्हे काय? गोड बन, आत मनुका, वर मस्का, बाजूला चहा. इराण्याकडे जा, दोन मिनिटांत मिळतो. त्यासाठी फडक्यावर बेदाणे पसरायची काय गरज?

कॅल्डरकाठ

पेठेतले काका, प्रतिसाद अपेक्षित होता.

दोघे एका गोत्रातले म्हणा, पण वागणूक वेगळी. इराण्याचा बन उंच, हलका, आतून कापसासारखा. तो न भाजता कापतात, मस्का थंड असतो आणि तो चहात बुडवायचा असतो. टीकेक मुद्दाम चपटा आणि थोडा घट्ट, कारण त्याच्या दोन्ही अर्धुकांना भाजून पृष्ठभाग मिळवायचाय. चहात बुडवला तर इथली माणसं तोंडावर काही बोलणार नाहीत, पण लक्षात ठेवतील.

पेठेतला

म्हणजे बुडवायचाही नाही. कठीण आहे.

बेदाणेवाला

मी तासगाव भागातला, घरचा बेदाणा. लेखात बेदाण्याची पायरी चोख लिहिलीय, त्यात थोडी भर.

इंग्रज ज्याला सुलताना म्हणतात आणि आपल्याकडचा बेदाणा, दोन्हींचं घराणं एकच. आपल्याकडे थॉमसन सीडलेस आणि त्यातून निवडलेल्या तास-ए-गणेश, सोनाका वगैरे जाती. साधारण चार किलो द्राक्षांचा एक किलो बेदाणा. द्राक्षाच्या सालीवर मेणाचा थर असतो, तो पाणी बाहेर पडू देत नाही. म्हणून आम्ही घड डिपिंग ऑइल आणि पोटॅशियम कार्बोनेटच्या पाण्यात बुडवून काढतो आणि शेडमध्ये जाळ्यांच्या रॅकवर सावलीत वाळवतो. दोन-तीन आठवड्यांत माल तयार. सावलीत वाळल्यामुळे तो हिरवट राहतो. पिवळा हवा असेल तर गंधकाची धुरी देतात. तुर्कस्तानचा माल बराचसा उन्हात वाळतो, म्हणून तो तांबूस.

सांगायचा मुद्दा, भिजवण्याआधी बेदाणे कोमट पाण्यात चोळून एकदा धुवा आणि ते पाणी फेकून द्या. वरचा तेलकटपणा जातो. गंधकाचा वास येत असेल तर भिजवलेलं पाणीही पिठात वापरू नका. हिरवा बेदाणा दिसायला भारी पण किंचित आंबट, टीकेकला तपकिरी चांगला आणि स्वस्तही. बाजारात लांबोडक्या मण्याला जास्त भाव असतो, तुम्हाला बारीक मणी बघून घ्यायचाय. पिठात सारखा पसरतो.

करंट ही वेगळीच चीज. ती ग्रीसमधली काळी, बिनबियांची, अगदी बारीक द्राक्षं. कॉरिंथ गावावरून नाव पडलं. एकोणिसाव्या शतकात ग्रीसची मोठी कमाई या एका पिकावर होती आणि बरीच खरेदी ब्रिटनची. फ्रान्सच्या द्राक्षबागा किडीने बसल्या तेव्हा त्यांनीही दारूसाठी करंट उचलले, ग्रीकांनी रानं वाढवली. मग फ्रान्सच्या बागा सावरल्या, त्यांनी आयातीवर कर लावला आणि १८९३च्या सुमाराला भाव कोसळले. शेतकरी देशोधडीला लागला, किती तरी जण अमेरिकेला गेले. एका गिऱ्हाइकाच्या भरवशावर बाग वाढवली की काय होतं हे आम्हाला कोणी शिकवायला नको.

भारतात करंट म्हणून काळ्या मनुका देतात. बिया असतील तर काढाव्या लागतील, आणि मणी मोठा असतो म्हणून कात्रीने दोन तुकडे करा.

चिंचगूळ

बेदाणेवाले दादा, असे प्रतिसाद आले की धागा वाचल्याचं सार्थक होतं. ग्रीसचं माहीतच नव्हतं.

खमीरदास

चांगला धागा. काही तांत्रिक भर आणि एक मतभेद.

मैदा : ब्रिटनमधल्या स्ट्राँग फ्लोअरमध्ये प्रथिनं १२-१३ टक्के किंवा जास्त. आपल्या मैद्याच्या पिशवीवर बहुधा १० ते ११ लिहिलेलं असतं. कमी प्रथिनांचा मैदा पाणीही कमी पितो, त्यामुळे ३०० मिली दूध एकदम ओतू नका. २६० ने सुरुवात करा, बाकीचं बघून. गव्हाचं ग्लूटेन सुटं मिळत असेल तर ५०० ग्रॅमला एक मोठा चमचा पुरे. गव्हाचं पीठ घालायचंच असेल तर चौथ्या हिश्शावर जाऊ नका. चक्कीचं पीठ पाणी खूप ओढतं आणि टीकेक विटेसारखा होतो.

दूध उकळणं : हे नुसतं परंपरा म्हणून नाही. कच्च्या किंवा हलक्या पाश्चराइज्ड दुधातली काही प्रथिनं पीठ सैल पाडतात, उकळीने ती निकामी होतात. भारतात आपण दूध तसंही उकळतोच. म्हशीचं फुल क्रीम असेल तर अर्धं पाणी घाला, नाहीतर स्निग्धांश वाढून फुगायला वेळ लागतो.

दालचिनी : मिक्स्ड स्पाइसमध्ये ती भरपूर असते आणि तिच्यातलं सिनॅमाल्डिहाइड यीस्टला मानवत नाही. एक सपाट चमचा ठीक. 'थोडी जास्त घालू, काय होतंय' म्हणून तीन चमचे घातले तर पातेल्याकडे बघत बसाल.

भाजणं : धागाकर्तीने म्हटलंय की दुसऱ्या दिवशी भाजल्यावरच तो पूर्ण होतो. यामागे कारण आहे. पाव शिळा होतो म्हणजे मुख्यतः त्यातला स्टार्च थंड झाल्यावर पुन्हा कडक रचनेत बसतो. साठेक अंशांपुढे गरम केलं की ती रचना सुटते आणि आतला भाग परत मऊ होतो. कापलेल्या बाजूला मात्र पाणी उडून साखर आणि प्रथिनं तांबूस होतात. बाहेर कुरकुरीत, आत मऊ. पाव ताजा असतानाच भाजलात तर पृष्ठभाग ओला असतो, रंग चढेपर्यंत आत रबरी होतो.

मतभेद : ७ ग्रॅम यीस्ट जास्त आहे. निम्मं घ्या, पीठ रात्रभर फ्रिजमध्ये ठेवा, सकाळी गोळे करा. चवीत जमीन-अस्मानाचा फरक.

कॅल्डरकाठ

खमीरदास, रात्रभराची पद्धत मान्य, पण ती शनिवार-रविवारची. कामावरून येऊन संध्याकाळी करायचं तर ७ ग्रॅमच बरं. शिवाय वर मसाला आणि बटर आहे, आंबवण्याची चव साध्या पावाइतकी उठून दिसत नाही. भाजून लोणी लावलेल्यात मला तरी फरक ओळखता येत नाही.

खमीरदास

येतो. पण असो.

आजीचा_ओव्हन

माझ्याकडे छोटा ओटीजी आहे, वरचा रॉड अगदी डोक्यावर. आज सकाळी केले. आतून झकास झाले, पण वर सहा-सात मिनिटांतच काळपट डाग आणि जिथे बेदाणा वर आला तिथे कोळसा. खुपसले होते हो मी आत! आणि नागपूरला आत्ता ४२ अंश आहे, पीठ पस्तीस मिनिटांत पातेल्याबाहेर आलं. चालतं का ते?

कॅल्डरकाठ

४२ अंशात दूध कोमट नको, फ्रिजमधलंच घ्या, उकळून गार केलेलं. पाणी मिसळत असाल तर तेही गार. घड्याळाकडे न बघता आकाराकडे बघा, दुप्पट झालं की पुढे जा. पस्तीस मिनिटांत दुप्पट झालं तर झालं. त्याहून जास्त फुगू दिलं तर आंबूस वास येतो आणि भाजताना बसतं.

ओटीजीत ट्रे सर्वांत खालच्या खाचेत, आधी दोन्ही रॉड लावून पंधरा मिनिटं तापवा, मग पाव आत गेल्यावर फक्त खालचा ठेवून बघा. शेवटची चार मिनिटं दोन्ही. तरी रंग लवकर आला तर वर अॅल्युमिनियमचा कागद सैलसर टाका. दुधाचा हात फिरवलाय, त्यातल्या साखरेने रंग लवकर चढतो, तो वगळलात तरी चालेल.

बेदाणे वर येऊ नयेत यासाठी बेकरीवाल्यांची एक युक्ती आहे. थोडं पीठ बेदाणे न घालता बाजूला ठेवायचं आणि गोळ्यावर त्याची पातळ पाती ओढून घ्यायची. घरी एवढं कोणी करत नाही. गोळा करताना कडा सगळ्या खाली ओढून घ्या, वरची कातडी ताणली जाते आणि बहुतेक बेदाणे आतच राहतात. लाटल्यावर परत एकदा नजर टाका.

आजीचा_ओव्हन

करून बघते. डाग पडलेले पण संपले हं दुपारपर्यंत.

लेस्टरची_लेक

ज्यांना यीस्टची भानगड नको त्यांच्यासाठी याच भागातला दुसरा प्रकार, टी लोफ. यात चहा खरोखरच आत जातो.

३०० ग्रॅम बेदाणे-करंट आणि १५० ग्रॅम ब्राउन शुगर ३०० मिली कडक, बिनदुधाच्या गरम चहात रात्रभर भिजत टाका. सकाळी न निथळता त्यातच एक अंडं आणि २५० ग्रॅम सेल्फ रेझिंग फ्लोअर ढवळा (भारतात २५० ग्रॅम मैदा, अडीच चहाचे चमचे बेकिंग पावडर). मोठ्या ब्रेडच्या साच्यात १६० अंशांवर तासभर, सुरी कोरडी निघेपर्यंत. तेल-तूप-बटर एक थेंब नाही, ते सगळं खाताना वर लावायचं. वेल्सचा बारा ब्रिथ आणि आयर्लंडचा बार्मब्रॅकही याच वाटेने करतात, पण त्या दोघांच्या यीस्टवाल्या जुन्या पद्धतीही आहेत.

चहाची पावडर आसामची कडक घ्या. इथे सगळे यॉर्कशायर टी वापरतात, तो यॉर्कशायरमध्ये पिकत नाही हे सांगायला नको. आसाम, केनिया वगैरेंचं मिश्रण, हॅरोगेटची टेलर्स कंपनी १९७७पासून विकतेय. अर्ल ग्रे नको, बेदाण्याशी त्याचं पटत नाही.

सोबत वेन्सलीडेल चीजचा तुकडा. फळं घातलेल्या केकबरोबर चीज ही यॉर्कशायरची खोड आहे. आधी विचित्र वाटतं.

चिंचगूळ

मग टीकेकमधले बेदाणेही पाण्याऐवजी चहात भिजवले तर?

कॅल्डरकाठ

भिजवा की. रंग छान येतो. पण वीस मिनिटांत चहाची चव फारशी उतरत नाही, त्यासाठी खास चहा करू नका. सकाळचा उरलेला कोरा असेल तर घाला. दुधाचा नको.

मिक्स्ड स्पाइसबद्दल व्यक्तिगत निरोपातून दोघींनी विचारलं म्हणून इथेच लिहिते. दालचिनी दोन भाग, जायफळ एक भाग, धणे एक भाग, सुंठ अर्धा, लवंग चिमूटभर. मिळालं तर ऑलस्पाइस आणि जायपत्री. हो, धणे असतात, दचकू नका. वेलची नसते. वेलची घातली की तो स्वीडनच्या बनकडे झुकतो, आणि आपल्या नाकाला थेट श्रीखंड आठवतं.

कोडकीटक

पाकृमध्ये रस नसलेल्या आमच्यासारख्यांसाठी एक टीप. लंडनमध्ये चहाची दुकानं आधी एरेटेड ब्रेड कंपनीने १८६४ला सुरू केली, मग १८९४ला पिकाडिलीत लायन्सचं पहिलं दुकान आलं. बाईमाणसाला एकटीने बसून चहा आणि भाजलेला बन खाता येईल अशा जागा तोवर लंडनमध्ये फारशा नव्हत्या. लायन्सचा पसारा पुढे इतका वाढला की बन, पाव, केक यांचा हिशेब कारकुनांच्या फौजेला झेपेना. म्हणून त्यांनी केंब्रिजच्या एडसॅक यंत्रावर बेतलेला स्वतःचा संगणक बांधला, नाव लिओ. १९५१च्या नोव्हेंबरपासून तो नेमाने करत असलेलं पहिलं काम म्हणजे बेकऱ्यांतल्या मालाचं मूल्यांकन. कार्यालयीन कामाला नेमाने जुंपलेला जगातला पहिला संगणक आणि त्याच्या पोटात पावांचा हिशेब. आमच्या टीममध्ये हे सांगितलं तेव्हा कोणाचाच विश्वास बसला नाही.

हिशेबनीस

हे जबरी आहे. म्हणजे आमच्या नोकऱ्या खायला सुरुवात बनपासून झाली.

पेठेतला

काल केले. (सौ. नी केले, मी बेदाणे पसरले.) तासगावचाच बेदाणा होता घरात. आज सकाळी तव्यावर भाजून खाल्ला. बनमस्का नाही हे मान्य करतो. बुडवून पाहिला, कोणी बघत नव्हतं.

अमूल बटर वापरलं पिठात, खारट झाला किंचित.

कॅल्डरकाठ

हसून हसून पुरेवाट. अमूल खारवलेलं असतं, ते पिठात घालायचं तर मीठ दोन ग्रॅम कमी करा. वरून लावायला मात्र तेच छान. घरचं लोणी असेल तर पिठात उत्तम, ताक नीट धुऊन काढा. तूप घातलं तर ४० ग्रॅम पुरे.

ग्लासगोकर

दहा टीकेक दोघांत संपत नाहीत. टिकतात किती? शनिवारी करून आठवडाभर ऑफिसला नेता येतील का?

कॅल्डरकाठ

डब्यात दोन दिवस, फार तर तीन. फ्रिजमध्ये अजिबात नको, खमीरदास म्हणतात ते स्टार्चचं कडक होणं फ्रिजच्या थंडीत सर्वांत वेगाने होतं. पूर्ण गार झाले की आडवे कापा, दोन अर्धुकांमध्ये बेकिंग पेपरचा तुकडा घाला आणि फ्रीझरमध्ये टाका. महिनाभर छान राहतात. न कापता गोठवलेत तर सकाळी सुरीने मारामारी होते. फ्रीझरमधून थेट टोस्टरमध्ये, मधल्या आकड्यावर. ऑफिसच्या टोस्टरची फट रुंद आहे ना बघून घ्या, बेदाणा तारेवर पडून जळला की फायर अलार्म वाजतो आणि सगळा मजला खाली रस्त्यावर उभा राहतो.